सैल हाताचे सामर्थ्य

पियानो मला वाजवता येत नाही. शाळेतली पेटी प्रार्थनेपुरती वाजवतो, एवढाच माझा अधिकार. तरीही लिऑन फ्लायशरच्या 'टू हँड्स' या २००४ सालच्या ध्वनिमुद्रिकेविषयी लिहावेसे वाटते. तिची जी स्तुती होते, तीच मला अपुरी वाटते.

फ्लायशर हा श्नाबेलचा अमेरिकन शिष्य. १९६४ साली, ऐन छत्तिशीत, त्याच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप आत वळू लागली. पुढे सुमारे तीस वर्षे तो डाव्या हातासाठी लिहिलेले संगीत वाजवीत आणि विद्यार्थी घडवीत राहिला. या विकाराला डिस्टोनिया म्हणतात. त्यात स्नायू दुबळा नसतो; त्याला मेंदूकडून जाणारी आज्ञाच बिघडते. फ्लायशर स्वतः अतिसरावाला दोष देई. १९९० नंतर बोटॉक्सची इंजेक्शने आणि मर्दन यांनी हात उघडला. विकार मात्र २०२० साली त्याचा मृत्यू होईपर्यंत सोबत राहिला.

म्हणून लोक या मुद्रिकेला चमत्कार म्हणतात. मला हे पटत नाही. कीव करीत ऐकलेले संगीत अर्धेच ऐकलेले असते.

वाचकाने पालथा हात मेजावर ठेवावा, मधले बोट आत दुमडावे आणि अनामिका उचलून पाहावी. ती हलणार नाही. शरीराने दिलेले हे बंधन आहे. कितीही जोर केला तरी ते सुटत नाही. आता मुद्रिकेतली शूबर्टची बी-फ्लॅट सोनाटा ऐकावी. मृत्यूच्या दोन महिने आधी, १८२८ साली, त्याने ती पुरी केली. आरंभीची धून उजव्या हातातल्या स्वरपुंजांच्या माथ्यावर, म्हणजे बहुतांशी याच दोन दुखऱ्या बोटांवर चालते. खाली खर्जात एक कंप हळूच घुमतो आणि थांबतो. फ्लायशर धून दामटून पुढे काढीत नाही. हाताचा भार पट्टीवर उतरू देतो, स्वर उमटला की सोडून देतो. त्यामुळे दोन स्वरांमधली शांतताही ऐकू येते. शेवटच्या भागात, जॉर्ज सेलबरोबरच्या त्याच्या तरुणपणीच्या मुद्रणांतली चमक नाही, हेही सांगितले पाहिजे. पण पहिल्या भागातले हे सोडून देणे त्या चमकेने साधले नसते.

वीस वर्षे मी मुलांना सांगत आलो, ''पेन्सिल घट्ट धर, अक्षर वळव.'' त्यांची बोटे पांढरी पडत आणि मी त्याला शिस्त म्हणे. माझ्या कादंबऱ्यांतली कितीतरी वाक्येही अशीच मुठीत आवळलेली आहेत. ही सोनाटा ऐकल्यानंतर वर्गात गेलो, तेव्हा एका मुलाची मूठ हलकेच सोडवली. त्याचे अक्षर त्या दिवशी काही सुधारले नाही. पण त्याने पान भरले, आणि हात झटकला नाही.