सरासरीत न मावणारा रनिंग बॅक

थँक्सगिव्हिंगला आपली मंडळी जमली की टीव्हीवर डेट्रॉइटचा नाहीतर डॅलसचा सामना असतोच. त्या दिवशी या दोन संघांनी घरच्या मैदानावर खेळायचे, ही इथली जुनी प्रथा. रनिंग बॅकबद्दलचा सर्वांत रंगलेला वादही याच दोन संघांतला. डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स थोर, की डॅलसचा एमिट स्मिथ?

एमिटने १९९० ते २००४ या काळात धावून १८,३५५ यार्ड काढले. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. बॅरीचे दहा मोसमांत १५,२६९. मात्र प्रत्येक धावेमागे बॅरीची सरासरी ५.०, एमिटची ४.२. मग बॅरीच थोर? थांबा! आकड्यांशी रोजचा संबंध असल्याने सांगतो, सरासरी चढउतार लपवते. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात. दर वेळी साडेतीन यार्ड काढणारा चेंडू आपल्या संघाकडे राखतो. तीनदा शून्यावर अडकलेल्याचा संघ मात्र चौथ्या वेळी बहुधा चेंडू लाथेने दूर टोलवून मोकळा होतो. त्याची वीस यार्डांची धाव व्हायचीच राहून जाते. ३१ डिसेंबर १९९४ रोजी ग्रीन बेविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात बॅरीच्या १३ धावांची बेरीज उणे १ यार्ड झाली होती.

बॅरीचे चाहते म्हणतात, एमिटपुढे वाट करून देणारी भक्कम फळी होती. खरे आहे. पण १९९३ मध्ये कराराच्या वादामुळे एमिट पहिले दोन सामने खेळला नाही आणि डॅलसने दोन्ही गमावले. तो परतला आणि संघ सुपर बोल जिंकला. दोन सामन्यांवरून सिद्धान्त मांडू नये. तरी त्याचे श्रेय फळीला देऊन टाकणेही अन्यायाचे.

माझी कसोटी साधी आहे. त्याच फटीतून सामान्य खेळाडूने किती काढले असते, आणि याने किती काढले? या हिशेबाने निव्वळ धावण्यात मी बॅरीला पहिला नंबर देईन. चहूकडून घेरला गेल्यावर निसटण्याची त्याची हातोटी आपल्या कबड्डीतल्या पट्टीच्या चढाईबहाद्दराची आठवण करून देते.

पण धावणे हे रनिंग बॅकचे निम्मेच काम. चेंडू झेलणे आणि दुसऱ्यासाठी अंगावर धक्के घेणे, हे उरलेले निम्मे. तिथे मला शिकागोचा वॉल्टर पेटन सर्वांच्या पुढे दिसतो. १९७५ ते १९८७ या तेरा मोसमांत त्याचा एकच सामना चुकला. त्याने १६,७२६ यार्ड काढले, ४९२ चेंडू झेलले, आणि क्वार्टरबॅकला वाचवण्यासाठी धिप्पाड गड्यांना छातीवर घेतले. या शेवटच्या कामाचा रकाना आकडेवारीत नसतो.

आपली इथे वाढणारी मुले या खेळाडूंची आकडेवारी तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्यांना एवढेच सुचवावे: चेंडू दुसऱ्याच्या हातात असताना रनिंग बॅक काय करतो, तेही पाहा. थोरपणाचा निवाडा बऱ्याचदा तिथेच होतो.