पॅक करायला शिकणं

आमच्या घरात पत्ते मे महिन्याच्या सुट्टीत निघायचे. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट, आणि मोठी माणसं दुपारी झोपली की तीन पत्ती. ती मला मामानं शिकवली, शेंगदाणे लावून. त्यामुळे हॉस्टेलवर एका सीनियरनं पोकर शिकवायला घेतलं तेव्हा मी मनात म्हटलं, यात काय शिकायचंय?

वीस मिनिटांत माझ्या सगळ्या काड्या संपल्या. शेवटच्या डावात माझ्याकडे पाच, सहा, सात, आठ, नऊ असा सिक्वेन्स होता. समोरच्याकडे नुसताच कलर, पाच किलवर. मी दोन्ही हातांनी काड्या ओढून घेतल्या आणि सगळे हसायला लागले. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर असतो.

याचं कारण मला बरंच नंतर कळलं. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात साधा सिक्वेन्स ७२० वेळा येतो आणि कलर १,०९६ वेळा. म्हणजे सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून तो वर. पाच पत्ते झाले की गणित उलटतं: सिक्वेन्स १०,२००, कलर ५,१०८. आपल्याला ‘नियम’ वाटतो तो खरं तर मोजदादीचा निकाल असतो. ‘ब्लाइंड’चंही तसंच. तीन पत्तीत ब्लाइंड खेळणं म्हणजे पत्ते न बघता खेळायची मर्दुमकी. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे दोन खेळाडूंनी पत्ते वाटण्याआधी भरायची सक्तीची रक्कम. शब्द एकच, पण एकात मस्ती आहे आणि दुसऱ्यात भाडं.

हे सगळं आठवलं ते मारिया कोनिकोवाचं ‘द बिगेस्ट ब्लफ’ वाचताना. २०२० साली आलेलं हे पुस्तक म्हणजे पोकर शिकण्याची गोष्ट आहे. कोनिकोवा मानसशास्त्रात पीएच.डी. केलेली लेखिका. सुरुवात केली तेव्हा कॅटमध्ये पत्ते किती असतात हेही तिला माहीत नव्हतं. घरात एकामागून एक वाईट गोष्टी घडल्या होत्या: आजी गेली, आईची नोकरी गेली, स्वतःला धड निदान न होणारं आजारपण आलं. आयुष्यात आपल्या हातात किती आणि नशिबाच्या हातात किती, हा प्रश्न तिला पडला. शोधता शोधता ती जॉन फॉन नॉयमनपर्यंत पोचली. या गणितज्ञानं ऑस्कर मॉर्गनस्टर्नसोबत १९४४ मध्ये गेम थिअरीचा पाया घालणारा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या विचारात पोकरला मोठी जागा होती. बुद्धिबळात सगळं पटावर दिसतं. पोकरमध्ये थोडं दिसतं, थोडं लपलेलं असतं आणि समोरचा खोटं बोलू शकतो. आयुष्य कशासारखं आहे हे वेगळं सांगायला नको.

मग ती एरिक सायडेलला गाठते. सायडेल पोकरमधला मोठा माणूस. १९८८ च्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत तो शेवटच्या डावात जॉनी चॅनकडून हरला आणि तो डाव पुढे ‘राउंडर्स’ सिनेमात दाखवला गेला. म्हणजे बरीच वर्षं जग त्याला हरलेला माणूस म्हणून ओळखत होतं. असा माणूस गुरू म्हणून निवडणं हाच पुस्तकातला पहिला चांगला निर्णय.

पुस्तकाचा सगळ्यात सुंदर भाग या गुरुशिष्याच्या गप्पांचा आहे. कोनिकोवाला हवी असतात उत्तरं: या पत्त्यांवर काय करायचं? सायडेल प्रश्न परत करतो: तू काय विचार केलास? आणि तो एक गोष्ट अजिबात ऐकून घेत नाही. आपल्याकडे चांगले पत्ते होते आणि शेवटच्या पत्त्यानं घात केला, ही रडकथा. जे झालं ते पत्त्यांनी केलं, त्याआधी तू काय केलंस तेवढं सांग, असा त्याचा खाक्या.

नवशिक्याला पोकर हे एवढंच शिकायचं असतं, आणि ते फार अवघड आहे. समजा, तुमच्याकडे एकाच रंगाचे चार पत्ते झालेत, पाचव्याची वाट बघताय आणि एकच पत्ता उघडायचा राहिलाय. न दिसलेल्या ४६ पत्त्यांपैकी ९ तुमच्या कामाचे. म्हणजे शक्यता साधारण २० टक्के. मध्ये २०० रुपये आहेत, समोरच्यानं १०० लावले. तुम्ही १०० भरून एकूण ४०० साठी खेळताय, म्हणजे बरोबरीत राहायला २५ टक्के हवेत. आहेत २०. पॅक करा. आणि पॅक केल्यावर नेमका तो पत्ता आला तर? तरीही तुमचा निर्णय बरोबरच होता. हे वाक्य वाचायला सोपं आहे. टेबलावर बसून, समोरचा पैसे ओढून घेत असताना, ते स्वतःला पटवून बघा.

आपल्याकडे ही गोष्ट जुनी आहे. वनपर्वात युधिष्ठिर रडगाणं गातो, माझ्यासारखा दुर्दैवी कोणी झालाय का? तेव्हा बृहदश्व ऋषी त्याला नळाची गोष्ट सांगतात. द्यूतात राज्य हरलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवतो, झाड तोडून मोजतो, आकडा बरोबर निघतो. ही मोजायची विद्या आणि फाशांचं मर्म, अक्षहृदय, तो अश्वविद्येच्या बदल्यात शिकतो, आणि त्याच क्षणी कली त्याच्या शरीरातून बाहेर पडतो. नशिबाचं भूत उतरतं ते मंत्रानं नाही, मोजदादीनं. कोनिकोवानं ही गोष्ट वाचली असती तर तिला ती नक्की आवडली असती.

पण माझी तक्रारही इथूनच सुरू होते.

नळ शिकतो आणि जिंकतो. कोनिकोवासुद्धा. जानेवारी २०१८ मध्ये बहामाजमधली एक स्पर्धा ती जिंकते, ८४,६०० डॉलर मिळवते, आणि पुस्तक त्या शिखराकडे चढत जातं. निर्णय आणि निकाल वेगळे ठेवा, असं पानोपानी सांगणाऱ्या पुस्तकाची सगळी रचना एका निकालावर उभी आहे. एक स्पर्धा म्हणजे किती डाव? तेवढ्या डावांत नशीब आणि कौशल्य वेगळं काढता येत नाही, हे पोकरचं गणितच सांगतं. लेखिकेला हे कळतं, ती ते मान्यही करते. गोष्ट मात्र ते मान्य करत नाही. ती हरत राहिली असती, पण निर्णय उत्तम घेत राहिली असती, तर हे पुस्तक आपल्या हातात आलं असतं का? तिच्याच शिकवणीनुसार ते पुस्तकही इतकंच खरं ठरलं असतं.

दुसरी तक्रार पैशांची. सायडेल तिला पायरीपायरीनं वर नेतो. छोट्या प्रवेश फीच्या स्पर्धेत टिकल्याशिवाय मोठ्या स्पर्धेत बसायचं नाही. उत्तम नियम. पण जिला जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक फुकट शिकवतो, जिच्या हरण्याचंही पुढे पुस्तक होणार आहे, तिची हार आणि माझी हार एक नाही. पुढे ती एका ऑनलाइन पोकर कंपनीची ॲम्बॅसडर झाली. त्यात गैर काही नाही, पण ‘पोकर माणसाला शहाणं करतं’ हे वाक्य वाचताना ती गोष्ट लक्षात ठेवावी.

माझी हार सांगतो. हॉस्टेलवरच्या काड्यांनंतर मी फोनवर एक ॲप घेतलं. नियम आले होते, टक्केवारी पाठ झाली होती. पंधरा दिवसांत मेसचे पैसे गेले. गंमत म्हणजे माझे बरेचसे निर्णय बरोबर होते. चूक टेबलावर नव्हती, टेबलावर बसण्यात होती. जे पैसे हरायची ऐपत नाही ते घेऊन बसलेला माणूस बरोबर टक्केवारीनंही बुडतो, कारण नशीब सरळ व्हायच्या आत त्याचे पैसे संपतात. घरी सांगितलं नाही. दीड महिना वडापाव आणि मित्रांचे डबे.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पोकरही त्यात आलं. कौशल्य की नशीब, हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला. मला तो वाद आता अर्धवट वाटतो. पोकर कौशल्याचा खेळ आहेच. पण ते कौशल्य दिसायला हजारो डाव लागतात आणि माणसाचे पैसे दहा डावांत जाऊ शकतात.

मग पुस्तक वाचावं का? जरूर वाचा. आयुष्यात काय हातात आहे हे इतक्या गंमतीनं सांगणारी पुस्तकं कमी आहेत. फक्त नळाची गोष्ट ज्याला सांगितली त्याचं पुढे काय झालं तेही आठवा. बृहदश्वांनी युधिष्ठिरालाही अक्षहृदय शिकवलं. त्या विद्येनं त्याला राज्य परत मिळालं नाही. ती कामी आली अज्ञातवासात, विराटाच्या दरबारी कंक बनून राहताना.

मीही अजून खेळतो. रविवारी, मित्रांच्यात, काड्या लावून. परवा माझ्याकडे एकाच रंगाचे चार पत्ते होते. मोजलं, पॅक केलं. पाचवा पत्ता त्याच रंगाचा आला. सगळे माझ्याकडे बघून हसले, आणि खूप दिवसांनी मला त्याचं काही वाटलं नाही.