पॉलिओलेफिन संश्लेषणातील रचनानियंत्रण : एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना : दिवा-रोहा रेल्वेमार्गावरील नागोठणे येथे पॉलिइथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांचे उत्पादन होते. त्याच मार्गाच्या आरंभी असलेल्या दिव्यातील कचराभूमीत अशा प्लॅस्टिकचा कचरा वर्षानुवर्षे साचत गेला. ती २०२३ मध्ये बंद झाली. या दोन टोकांच्या संदर्भात उत्प्रेरक-संशोधनातील ‘नियंत्रण’ या संकल्पनेची चिकित्सा करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

साखळीची रचना : कार्ल झीग्लर यांनी १९५३ मध्ये कमी दाबाखाली एथिलीनचे बहुवारिकीकरण साध्य केले. १९५४ मध्ये ज्यूलिओ नत्ता यांनी तशाच उत्प्रेरकाने समविन्यासी पॉलिप्रोपिलीन मिळविले. मिथिल गटांची मांडणी नियमित असल्याने साखळ्या स्फटिकात नीट बसतात व पदार्थ टणक होतो. मांडणी विस्कळीत असल्यास तो मऊ व चिकट राहतो. पदवी स्तरावरील विवेचन बहुधा येथेच थांबते.

कणांचा आकार : उद्योगासमोरील दुसरा प्रश्न कणांचा होता. वाढत्या बहुवारिकामुळे उत्प्रेरकाचा कण आतून फुटत जातो. तथापि त्याचे तुकडे बहुवारिकानेच एकत्र बांधलेले राहतात. त्यामुळे तयार दाणा मूळ कणाची मोठी प्रतिकृती ठरतो. कण गोल असल्यास दाणाही गोल होतो आणि सहज वाहतो. बारीक चूर्ण मात्र संयंत्राच्या भिंतींवर थर धरते. १९८० च्या सुमारास कामिन्स्की व झिन यांनी विकसित केलेल्या मेटॅलोसीन उत्प्रेरक-प्रणालीमुळे साखळीवर अधिक काटेकोर नियंत्रण आले. परंतु हे उत्प्रेरक विद्राव्य असल्याने कणांच्या आकारावरील नियंत्रण हरपले आणि त्यांना सिलिकासारख्या आधारावर बसवावे लागले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. शिवराम यांच्या गटाने याच दिशेने, मॅग्नेशियम क्लोराइडच्या आधारावर, कार्य केले. साखळी व कण हे प्रश्न परस्परांपासून अलग करता येत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

मूल्यमापन : या परंपरेचे यश निर्विवाद आहे. तिची मर्यादा अशी, की दाणा संयंत्राबाहेर पडेपर्यंतच नियंत्रणाचा विचार होत आला. ज्या कार्बन-कार्बन साखळीमुळे पदार्थ टिकाऊ ठरतो, तीच जलविघटनाने तुटत नाही. शिवाय पॉलिइथिलीन व पॉलिप्रोपिलीन वितळवूनही एकजीव होत नाहीत. परिणामी मिश्र कचऱ्यातून हलक्या प्रतीचाच माल निघतो. महाराष्ट्रातील २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीने वापरावर निर्बंध आणले. रेणूच्या रचनेचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

या दृष्टीने अलीकडील दोन प्रयत्न महत्त्वाचे आहेत. २०१७ मध्ये कोट्स व सहकाऱ्यांनी या दोन्ही बहुवारिकांना सांधणारे खंड-सहबहुवारिक सादर केले. २०२१ मध्ये मेकिंग यांच्या गटाने पॉलिइथिलीनच्या साखळीत मोजके कीटोन गट बसवून ती प्रकाशाने तुटू शकेल अशी केली.

समारोप : उत्प्रेरकाची गुणवत्ता ठरविताना क्रियाशीलता, समविन्यास व कणाकार या निकषांबरोबर वापरानंतर पदार्थाचे काय होते, हाही निकष धरला पाहिजे. अध्यापनातही साखळी, कण व कचरा हे तिन्ही विषय एकाच सूत्रात मांडणे आवश्यक आहे.