दशांश संख्यांचा लसावि : नियम आणि त्याची मर्यादा

दशांश अपूर्णांकांचा लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे लसावि, काढण्याची रीत अंकगणिताच्या पुस्तकांतून बहुधा तीन वाक्यांत उरकलेली असते. शून्ये जोडून सर्व संख्यांची दशांश स्थळे सारखी करावीत. दशांशचिन्ह नाही असे समजून लसावि काढावा. आलेल्या उत्तरात तितक्याच स्थळांवर चिन्ह पुन्हा द्यावे. ०.६ व ०.४५ यांसाठी ६० व ४५ यांचा लसावि १८०, म्हणून उत्तर १.८. रीत बिनचूक आहे. परंतु ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते व कोठे थांबते, याविषयी ही पुस्तके मौन पाळतात. आमचा आक्षेप या मौनाला आहे.

प्रथम व्याख्येचा विचार करू. परिमेय संख्यांत शून्येतर कोणत्याही संख्येने कोणत्याही संख्येस भाग जातो. तेव्हा भागाकार पूर्णांकच असला पाहिजे, ही अट घातल्यावाचून ‘०.६ चा विभाज्य’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. ही अट मान्य केली की रीतीची उपपत्ती एका वाक्यात सांगता येते. ०.६० व ०.४५ म्हणजे ६० शतांश व ४५ शतांश. दोन्ही राशी एकाच एककाने मोजल्या म्हणजे प्रश्न पूर्णांकांचा होतो. जो विद्यार्थी शून्य जोडण्यास विसरून ६ व ४५ यांचा लसावि ९० काढतो व ०.९ हे उत्तर लिहितो, तो सहा दशांश व पंचेचाळीस शतांश यांची गल्लत करतो. ०.९ मध्ये ०.६ दीड वेळाच जातात.

आवर्ती दशांशांपाशी ही रीत थांबते. ०.३३३… यास शेवटचे स्थळ नाही. तरीही त्याचा व ०.५ चा लसावि १ आहे, हे उघड आहे. येथे व्यापक सूत्र हवे : अपूर्णांकांना अतिसंक्षिप्त रूप देऊन अंशांच्या लसाविस छेदांच्या मसाविने भागावे. ३/५ व ९/२० यांसाठी ९ भागिले ५, म्हणजे पुन्हा १.८. याही पलीकडे १ व √२ यांना साधारण विभाज्यच नाही. असता तर √२ परिमेय ठरले असते. दोन धन राशींचे गुणोत्तर परिमेय असेल तरच त्यांचा लसावि अस्तित्वात असतो. युक्लिडने सातव्या पुस्तकात संख्यांचा लसावि काढला आणि समान मापाने मोजल्या जाणाऱ्या व न जाणाऱ्या राशींचा विचार दहाव्या पुस्तकासाठी राखला. हा विवेक आपल्या पाठ्यपुस्तकांत उतरलेला नाही.

मापनातून आलेल्या दशांशांच्या बाबतीत तर हे मौन घातक ठरते. आर्यभटाच्या गणनेत ४३,२०,००० सौर वर्षांच्या युगात १,५७,७९,१७,५०० दिवस असतात. दोहोंस ७,५०० ने भागले असता ५७६ वर्षांचे २,१०,३८९ दिवस होतात. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने कुट्टकाच्या गणितात हेच संक्षिप्त अंक वापरले आहेत. म्हणजे या गणनेत वर्ष व दिवस यांचा लसावि ५७६ वर्षे होय. आता हेच वर्षमान दशांशात लिहू : ३६५.२५८६८०५५५…. दोन स्थळांपर्यंत आसन्न मान ३६५.२६ घेतल्यास लसावि ५० वर्षे येतो, तीन स्थळांपर्यंत ३६५.२५९ घेतल्यास १,००० वर्षे, चार स्थळांपर्यंत ३६५.२५८७ घेतल्यास १०,००० वर्षे. आसन्न मान मूळ मानाच्या जवळ जात असता लसावि मात्र ५७६ पासून दूर पळतो. बेरीज व गुणाकार या क्रियांत अल्प चुकीने उत्तरातही अल्पच फरक पडतो. लसाविस हा गुण नाही. म्हणून ज्या दशांशाचे शेवटचे स्थळ केवळ मोजपट्टीच्या सूक्ष्मतेने ठरले आहे, त्याचा लसावि राशीविषयी काही सांगत नाही. तो मोजपट्टीविषयी सांगतो.

तेव्हा रीत शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. तिच्याआधी व्याख्या यावी, तिच्यासोबत एककाची उपपत्ती यावी आणि तिच्यानंतर, दिलेला दशांश नेमका आहे की आसन्न, हा प्रश्न विचारण्याची सवय लागावी. पदव्युत्तर वर्गात संख्याशास्त्राकडे वा विश्लेषणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास सातत्य नसलेल्या क्रियेचे इतके साधे उदाहरण क्वचितच मिळेल.