वन्समोरचा हिशेब

संगीत नाटकाला एकट्याने जाऊ नये. एरवीच्या नाटकाला एकटा गेलेला माणूस रसिक ठरतो. पण संगीत नाटकात समेवर मान हलवायची, तर ती कोणाकडे बघून? म्हणून ‘संगीत सौभद्र’ला आम्ही चौघे गेलो. मी, आमचे हेड कॅशियर, विम्यातले एक मित्र आणि त्यांचे मेहुणे. मेहुण्यांना गाण्यातले कळते. म्हणजे ते स्वतःच तसे सांगतात, आणि इतक्या खात्रीने, की पुरावा मागायची सोय राहत नाही.

‘सौभद्र’ची गोष्ट आता कोणाला सांगायला नको. १८८२ च्या नोव्हेंबरात पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी पहिले तीन अंक रंगभूमीवर आणले आणि १८८३ च्या मार्चमध्ये पाचही. तेव्हापासून सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरते आहे आणि अर्जुनाशी लागते आहे. शेवट माहीत असूनही माणसे तिकीट काढतात, कारण किर्लोस्करांनी द्वारकेत राजवाडा बांधलाच नाही. बांधला तो चौसोपी वाडा. बहिणीचे लग्न परस्पर ठरवून टाकणारा थोरला भाऊ, तोंडावर ‘दादा म्हणतील तसं’ म्हणून मागच्या दाराने सूत्रे हलवणारा धाकटा, रुसलेली वहिनी. आमच्या घरी यापेक्षा वेगळे काय चालते? कृष्ण तर साक्षात मुरलेला साहेब. कुठल्याच कागदावर सही नाही, पण प्रत्येक कागद जातो त्याच्याच टेबलावरून. आणि बलराम? भगवी वस्त्रे पाहिली की संपले. विवाहयोग्य बहिणीला खुशाल त्या यतीच्या सेवेला ठेवतो! यतिमहाराजांकडे ओळखीचा एखादा दाखला मागितला असता, तर नाटक तिथेच आटोपले असते.

आता गाण्याकडे वळतो. आमच्या प्रयोगातल्या अर्जुनाचा गळा खरोखर चांगला होता, आणि ते त्याला ठाऊक होते. घोटाळा झाला तो तिथेच. एका पदाला त्याने अकरा मिनिटे घेतली. हा आकडा हेड कॅशियरांचा. त्यांचे मोजमाप चुकत नाही. पहिल्या तीन मिनिटांत अर्जुनाला सुभद्रेची आठवण होती. पुढच्या आठांत ना आम्हांला, ना त्याला. वर वन्समोर! पुढच्या रांगेतली एक दहा-बारा वर्षांची मुलगी तोवर आजीच्या मांडीवर झोपून गेली होती. झोपण्यापूर्वी तिने ‘घटोत्कच कधी येणार?’ असे दोनदा विचारले होते. नाट्यसमीक्षेत याहून नेमका प्रश्न मी वाचलेला नाही.

मेहुणे मात्र तृप्त होते. “काय तयारी आहे हो!” असे ते मध्यंतरात बटाटेवड्याला साक्षी ठेवून म्हणाले. सुभद्रेबद्दल त्यांचे मत, “बरी आहे, पण गात नाही, बोलते.”

नेमके हेच मला तिचे मोठेपण वाटले. किर्लोस्करांनी या नाटकात शंभराहून जास्त पदे घातली, ती काही शंभर मैफली करायला नव्हे. साकी, दिंडी, कामदा ही घरातल्या बायकापुरुषांच्या तोंडी असलेली वृत्ते. बोलता बोलता मन भरून आले, की माणूस चार ओळी गातो आणि परत बोलायला लागतो. गाणे म्हणजे इथे वाक्यच, जरा भिजलेले. पुढे १९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले, गोविंदराव टेंब्यांच्या चाली आल्या आणि रंगभूमीवर मैफल बसली. ते वैभव खरेच. पण त्या मापाने ‘सौभद्र’ मोजणे म्हणजे बचत खात्याला चालू खात्याचे नियम लावणे.

सुभद्रेने एक दिंडी म्हटली. अर्ध्या मिनिटाची असेल. ना तान, ना हातवारे. ऑर्गनवाल्यानेही नुसता सूर धरून ठेवला. लग्न दुसऱ्यांनी ठरवले आहे आणि आपल्याला कोणी विचारले नाही, एवढेच त्या आवाजात होते. गाणे कधी संपले आणि बोलणे कधी सुरू झाले हे न कळल्यामुळे टाळी पडायची राहिली. पण ती मुलगी उठून बसली होती, आणि आता तिला घटोत्कच नको होता. “हिला कोणीच का विचारत नाही?” असे तिने आजीला विचारले. आजी “गप बस” म्हणाली. पण पदर डोळ्यांना लावून म्हणाली.

मेहुण्यांना मी हे सांगितले, तर ते म्हणाले, “तुम्ही कॉमर्सवाले!” असेन. पण मला हिशेब एवढाच कळतो, की अकरा मिनिटांवर एका गायकाचे नाव होते आणि अर्ध्या मिनिटात किर्लोस्करांचे नाटक होते. वन्समोर गाण्याला मिळतो. नाटकाला पुढचा प्रेक्षक मिळावा लागतो. तो त्या रात्री पुढच्या रांगेत बसला होता, अर्ध्या तिकिटावर.