बटण कुठं आहे हो?

नाटकांची परीक्षणं लिहिणारे आहेत, पुस्तकांची लिहिणारे आहेत. हल्ली तर मिसळीचीही परीक्षणं येतात. पण माणूस ज्याच्याकडे दिवसातून शंभरदा बघतो, त्या मोबाइलच्या पडद्याची समीक्षा करायला एकही टीकाकार पुढं येत नाही. तेव्हा हे ओझं आज मीच उचलतो. परीक्षणासाठी एका बँकेचं अ‍ॅप निवडलं आहे. बँकेचं नाव सांगत नाही, कारण माझे पैसे अजून तिच्याकडेच आहेत.

प्रथम नेपथ्य. मला फक्त शिल्लक बघायची असते. पडदा उघडतो तो कर्जाच्या जाहिरातीवर. 'हवे' हे बटण लग्नातल्या वरमाईसारखं नटूनथटून मध्यभागी उभं. 'नको' म्हणायला एक फुली आहे, पण ती तिळाएवढी, आणि करड्या रंगावर करडीच. बँकेला आपला नकार ऐकूच यायला नको असेल, तर नेपथ्य उत्तम आहे असं म्हणावं लागेल.

आता पात्रपरिचय. कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतात. या रेघा नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्सच्या 'स्टार' संगणकासाठी काढल्या. तो १९८१ साली बाजारात आला. रेघा म्हणजे यादी, इतका साधा अर्थ. आता मात्र जे कुठं ठेवायचं कळत नाही ते सगळं त्यांच्यामागे कोंबतात. पाहुणे आले की आपण पसारा पलंगाखाली ढकलतो ना, तसं. शेजारच्या काकांना ते त्रिपुंड्र वाटलं. बँक शैव आहे एवढाच त्यांनी बोध घेतला.

आणि कथानक? पैसे पाठवायचे तर एक सांकेतिक आकडा मेसेजने येतो. तो बघायला अ‍ॅपबाहेर जावं, आकडा पाठ करत परत यावं, तर अ‍ॅप म्हणतं, "आपण कोण?"

इथं मात्र विनोद संपतो. काकांनी नोकरीभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. आज स्वतःचं पेन्शन बघायला ते फोन भाच्याच्या हातात देतात, आणि गुप्त आकडा मोठ्यानं सांगतात. भाच्याला हळू बोललेलं ऐकू येत नाही. चोरापासून वाचवायला बांधलेल्या या दारानं म्हाताऱ्या मालकाला किल्ली वाटत फिरायला लावलं आहे.

असं का होतं? कारण पडदा आधी बनतो आणि माणूस नंतर आठवतो. पूर्वीची रीत उलटी होती. अमेरिकेत १९६३ साली बटणांचा टेलिफोन आला, त्याआधी बेल प्रयोगशाळेनं आकड्यांच्या निरनिराळ्या मांडण्या माणसांना दाबायला दिल्या, चुका आणि वेळ मोजला, आणि मग १-२-३ची ओळ वर आली. हिशेबाच्या यंत्रावर ७-८-९ वर असतात. दोघांचं काही जुळलं नाही, पण टेलिफोनवाल्यांनी निदान गिऱ्हाइकाला तरी विचारलं!

जेफ हॉकिन्स यांची तऱ्हा तर याहून न्यारी. 'पाम पायलट' हे खिशातलं यंत्र १९९६ साली आलं. त्याआधी या गृहस्थानं शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापला आणि तो खिशात घालून हिंडले. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि त्यावर काडीनं लिहिल्यासारखं करायचं! लोकांनी काय अंदाज बांधला असेल तो असो. पण यंत्र केवढं हवं आणि त्यात काय नको, हे पैसे ओतण्याआधी कळलं. तो ठोकळा आज कॅलिफोर्नियात संगणकांच्या संग्रहालयात आहे.

पण हॉकिन्स यांचा ठोकळा त्यांच्याच खिशात राहून भागलं, कारण यंत्र त्यांच्यासारख्यांसाठीच होतं. आमचं अ‍ॅप रेखाटणारा मुलगा बहुधा पंचविशीतला. त्याचा अंगठा बारीक, नजर तीक्ष्ण. त्यानं स्वतःच्याच खिशात ठोकळा ठेवून चालणार नाही.

म्हणून समीक्षकाच्या अधिकारानं एक सूचना. पडदे आधी कागदावर काढावेत. एकानं संगणक व्हावं आणि काका बोट ठेवतील तसा पुढचा कागद सरकवावा. आपण एक शब्द बोलू नये, फक्त त्यांचं बोट कुठं अडतं ते बघावं. या धंद्यातली ही जुनी, मान्य पद्धत आहे. कागद रद्दीतला चालतो, चहा काकू देतात. काका तासाभरात इतक्या चुका काढतील की बँकेला वाटेल, ऑडिटच आलं.