माझ्या फोनवर तर दिसतंय!

तंत्रज्ञानाच्या शौकिनांचे वाद मी आवडीनं वाचतो. अँड्रॉइड की आयफोन, क्रोम की फायरफॉक्स, हे वाद कधी संपत नाहीत आणि संपू नयेत असंच सगळ्यांना वाटत असतं. पण त्यात एक प्रसंग फार वेळा घडतो. कुणीतरी तक्रार करतं की अमुक साइट फायरफॉक्समध्ये धड उघडत नाही. लगेच उत्तर येतं, ‘माझ्या फोनवर तर दिसतंय.’ पाठोपाठ दुसरं, ‘क्रोम टाक ना मग.’ तक्रार करणारा गप्प बसतो आणि गाडी पुन्हा कॅमेरा, बॅटरीकडे वळते.

इतर कुणी हे उत्तर दिलं तर एक वेळ समजू शकतो. मराठी वाचणाऱ्यानं ते देणं मला विसराळूपणाचं वाटतं. ‘सगळे हेच वापरतात, तुम्हीही वापरा’ या सल्ल्याची किंमत आपल्या भाषेनं एकदा मोजलेली आहे.

२००१ साली विंडोज एक्सपीच्या जोडीनं इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला. पुढची काही वर्षं जगातले ९० टक्क्यांहून जास्त लोक एक्सप्लोररच वापरत होते. मराठी वर्तमानपत्रं वेबवर स्थिरावत होती ती याच काळात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत मजकूर टाइप व्हायचा तो जुन्या फॉन्टांमध्ये. त्या फॉन्टांची युक्ती साधी होती. इंग्रजी अक्षराच्या घरात देवनागरीचा एखादा तुकडा बसवायचा: कुठे अर्धा क, कुठे नुसती वेलांटी. संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हंच असायची. वरून त्या फॉन्टचा मुखवटा चढवला की मराठी दिसायचं. त्यात पुन्हा प्रत्येक कंपनीनं कुठल्या घरात काय बसवायचं हे आपापलं ठरवलेलं.

वाचकाच्या संगणकावर तो फॉन्टच नसेल तर? एक्सप्लोररमध्ये पानाबरोबर फॉन्टही पाठवायची सोय होती. फॉरमॅटचं नाव ईओटी, मालक मायक्रोसॉफ्ट. बाकीचे ब्राउझर तो वाचत नसत. त्यामुळे एक्सप्लोररमध्ये जिथे बातमी दिसायची, तिथे फायरफॉक्समध्ये रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांचा खच दिसायचा. त्यावर ‘पद्मा’ नावाचं एक एक्स्टेंशन निघालं होतं. ते वेगवेगळ्या भारतीय फॉन्टांची मांडणी ओळखून मजकूर युनिकोडमध्ये फिरवून दाखवायचं. आपल्याच भाषेतली बातमी वाचायला मध्ये दुभाष्या लागत होता!

यात कुणाला खलनायक ठरवायचं कारण नाही. संपादकांना रोजचा अंक चढवायचा होता. एक्सपीवर युनिकोड मराठी नीट दिसावं म्हणून आधी सेटिंगमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय सुरू करावी लागायची, त्यासाठी बऱ्याचदा विंडोजची सीडीही मागितली जायची. दहा वाचकांतले नऊ एक्सप्लोररवर असताना त्यांच्यासाठी पान बनवणं हा व्यवहार होता. ‘सगळे हेच वापरतात’ हे विधान तेव्हा जवळजवळ खरंच होतं.

पण व्यवहार आजचा होता आणि मजकूर उद्यासाठीही होता. फॉन्टच्या मुखवट्याआडची ती मराठी शोधता येत नव्हती, कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की तिचा कचरा व्हायचा, आणि अंधांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ती मराठी म्हणून कळत नव्हती. पुढे वेबफॉन्टचं खुलं प्रमाण आलं, ईओटी मागे पडला, जून २०२२ मध्ये एक्सप्लोरर निवृत्त झाला. त्या काळातलं एखादं पान आज जपून ठेवलेलं सापडलं आणि सोबत तो फॉन्ट नसला, तर हाती लागतो तो खचच. याउलट २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या साइटी युनिकोडवर उभ्या राहिल्या. तिथलं तेव्हाचं लेखन आज तुमच्या फोनवर काही न करता उघडतं. फरक लेखकांच्या दर्जाचा नव्हता. एका मजकुराचं नशीब एका ब्राउझरला बांधलेलं होतं, दुसऱ्याचं नव्हतं.

फोनवर हीच गोष्ट पुन्हा घडली. २०११ च्या अखेरीस अँड्रॉइड ४ आलं, त्याआधीच्या कितीतरी फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. तेव्हा लोकांनी ऑपेरा मिनी गाठला. त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये एक पर्याय होता. तो सुरू केला की अशा लिप्यांची अक्षरं सर्व्हरवरच चित्ररूपात तयार होऊन फोनवर यायची. डेटा जास्त जायचा, पण वाचता यायचं. या युक्तीबद्दल मला अजूनही आदर आहे. तरीही भाषेला चित्र बनून यावं लागणं ही काही सुस्थिती म्हणता येणार नाही.

आता आजचं चित्र पाहा. ब्राउझरच्या आत पान वाचून मांडणारा भाग असतो, त्याला इंजिन म्हणतात. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट ही नावं पाच असली तरी अँड्रॉइडवर या सगळ्यांचं इंजिन एकच, क्रोमियमचं. आयफोनवर ॲपलच्या नियमानुसार प्रत्येक ब्राउझरला ॲपलचंच वेबकिट वापरावं लागत आलं आहे. युरोपीय संघातल्या कायद्यामुळे मार्च २०२४ मध्ये तिथे दुसऱ्या इंजिनाला वाट मिळाली, ती भारतातल्या आयफोनला नाही. म्हणजे आपल्याकडे आयफोनवर फायरफॉक्स टाकणं म्हणजे गाडी तीच ठेवून सीटचं कव्हर बदलणं. ‘दुसरा ब्राउझर घे’ असं सांगणाऱ्या शौकिनांच्या वादात हा मुद्दा क्वचितच येतो.

यावरचा प्रतिवाद मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. एकच इंजिन असलं तर छोट्या साइटचं काम सोपं होतं. दोन माणसं मिळून चालवत असलेलं मराठी नियतकालिक चार ठिकाणी तपासणी कशी करणार? खरं आहे. पण सारखेपणा दोन प्रकारांनी येतो. आज क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड, तिघंही अक्षरं जुळवायला हार्फबझ हे एकच मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक, म्हणजे गुरुजी आणि स्वयंपाकी यांतला फरक, तिन्हीकडे नीट दिसतो तो प्रमाण खुलं आहे आणि ते राबवणारं कामही सगळ्यांचं आहे म्हणून. एक्सप्लोररचा सारखेपणा एका कंपनीच्या मर्जीवर होता. तिनं लक्ष काढून घेतलं आणि ६ नंतर ७ यायला पाच वर्षं गेली.

म्हणून या वादांबद्दल माझी तक्रार अशी आहे की त्यांत ग्राहक फार आहे आणि वाचक फार कमी. फोनच्या परीक्षणात गेम किती वेगानं चालतो हे मोजतात, ‘तऱ्हा’ टाइप करून पाहत नाहीत. ब्राउझरची तुलना करताना रॅम मोजतात. पण फॉन्टमध्ये सोय असली आणि पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असली, तर मराठी वळणाचे ल आणि श तो दाखवतो का, हे कुणी बघत नाही.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं की पान दिसत नाही, तर आपल्या फोनचा दाखला देण्याआधी त्याला विचारा की नेमकं काय दिसतंय. त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि साइट चालवणाऱ्यांना पाठवा. फायरफॉक्समध्ये चौकोन बघत बसलेला वाचकही त्यांचाच आहे.